मिठबावच्या टाकीखालची पाचर

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी टाकीच्या खाली बघतो. मासे नंतर. घरधन्याला वाटतं, ह्याचं काहीतरी खाली पडलंय. काचेच्या टाक्या करून त्या लोकांच्या घरात बसवण्यात तीस वर्षं गेली, त्यात ही खोड अंगात मुरली. संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा पहिली आठवली ती हीच खोड. तिने माझी एकदा पुरती शोभा केली आहे.

मालवणच्या बाजारात माझं दुकान होतं, ‘गुरुनाथ काचवाला’ म्हणून. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, आता जावई बघतो. मूळचा मी काच कापणारा. खिडक्यांची तावदानं, लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, हेच काम. एका हॉटेलवाल्याने हट्टाने माशांची टाकी करून घेतली. ती तीन दिवस गळली आणि चौथ्या दिवशी गळायची थांबली, तेव्हापासून मी टाकीवाला झालो. पुढे नुसत्या माशांवर लोकांचं समाधान होईना. आत खरी झाडं हवीत, हिरवळ हवी, असं झालं आणि माझे दिवस पालटले.

झाडांची टाकी म्हणजे पाण्याखालची शेती. तळाला कसदार माती, तिच्यावर रेती, रेतीत चिमट्याने एकेक रोप खोचायचं, वर आठ तास दिवा. आणि मग महिना-सव्वा महिना मासे न सोडता गप्प बसायचं. माशांची घाण पचवणारे बारीक जिवाणू पाण्यात तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. हे गप्प बसणंच लोकांना जमत नाही. दुसऱ्याच दिवशी फोन येतो, ‘मासे खंय?’

आता टाकीच्या खाली का बघायचं ते सांगतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी मध्यम टाकी धरा. जवळजवळ दोनशे लिटर पाणी, म्हणजे दोनशे किलो. त्यात माती, दगड, काच मिळवा. चार धडधाकट माणसं एका कपाटावर दिवसरात्र बसून आहेत असं समजा. टीव्हीचं कपाट तिथे चालत नाही. काच वजनाला घाबरत नाही, पिळाला घाबरते. चार पायांतला एक जरी सूतभर खचला की काच पिळते आणि कोपऱ्यातून तडकते. त्यात आमच्याकडच्या जमिनी दाराकडे उतरत्या, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं. म्हणून पायाखाली पाचर मारावी लागते.

गिऱ्हाइकं एकेक नमुना भेटली. तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने मी जायच्या आधीच किनाऱ्यावरची दोन घमेली वाळू टाकीत ओतून ठेवली होती. म्हणे, ‘दारात फुकट आसा, इकत कित्याक घेवची?’ त्या वाळूत निम्मा शिंपल्यांचा चुरा. त्याने पाणी जड होतं आणि झाडं विरघळतात. वर त्याच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ. पंधरा दिवसांत टाकीत भाजीचा रस्सा झाला. तरी त्याने मला विचारलं, ‘सुरमय ऱ्हवात काय रे हेच्यात?’ मी म्हटलं, ‘ऱ्हवात. तुकडे करून.’

बांद्याला एकांनी फिल्टर चालू करण्याआधी नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. ‘ह्या टाकयेत झाडां-मासे सुखान ऱ्हवांदेत, आणि कोणाची वायट नजर आसात तर ती भायर काढ रे म्हाराजा.’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’ मीही म्हणालो. वाईट नजर म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी, असं तेव्हा मला वाटायचं.

मग मिठबावच्या बाई आल्या.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. हातात वही घेऊन दुकानात आल्या आणि तीन फुटी टाकी मागितली. नुसती काचेची टाकी. माती नको, झाडं नकोत, कॅबिनेट नको.

‘मग टाकी ठेवणार कशावर?’ मी विचारलं.

‘हे करणार आहेत,’ बाई म्हणाल्या.

हे म्हणजे त्यांचे यजमान, अण्णा. पोस्टात नोकरी केलेले, सुतारकामाची आवड. अशी आवड असलेल्या माणसांनी केलेली कपाटं मी पाहिलेली होती. मी बाईंना जाड प्लायवूडचं माप लिहून दिलं आणि मनात हसलो.

टाकी पोचवायला गेलो तर ओटीवर अण्णांचं काम मांडलेलं. माझा प्लायवूडचा कागद त्यांनी खिशात ठेवला होता, उघडलाही नव्हता. मला म्हणाले, ‘पाणीच ठेवूचा मा? मगे घडवंची केलंय.’

घडवंची आता कुठे दिसत नाही. स्वयंपाकघरात भरलेल्या घागरी आणि कळश्या ओळीने ठेवायची ती लाकडी मांडणी. पाण्याचं वजन पेलायचं आणि ओलीत कुजायचं नाही, एवढ्यासाठीच ती जन्माला आलेली. अण्णांनी तीच मोठी करून बांधली होती. फणसाचं जुनं लाकूड, मनगटाएवढे जाड पाय, जरासे फाकलेले. स्क्रू एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. मध्ये दोन दारं, आत फिल्टर ठेवायला जागा, आणि दारांखाली वीतभर मोकळं. पिवळंधमक लाकूड नुसतं तेल पाजून ठेवलेलं. मी तोपर्यंत बनवून घेतलेलं एकही कॅबिनेट त्याच्या शेजारी उभं राहिलं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं आणि पोटात दुखायला लागलं.

मी खोट शोधायला लागलो. घडवंची हॉलमध्ये जागेवर ठेवल्यावर पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली. डावीकडचा मागचा पाय जमिनीपासून अर्धं बोट वर. मला बरं वाटलं. अण्णांनी आंब्याच्या पेटीची एक फळी घेतली, तासून पाचर केली आणि त्या पायाखाली मारली. लेव्हल बरोबर आली. पेटीचं लाकूड पोचट असतं हे मला माहीत होतं. पण मनात म्हटलं, काढील सहा महिने.

आणि मातीचं तर विचारू नका. बाईंनी आपल्या कलमांच्या बागेतली लाल माती आणून धुतली, वाळवली, चाळली, परत धुतली. मी म्हटलं, ‘बाई, पाणी शेंदरासारखं होईल.’ त्या म्हणाल्या, ‘बघू.’ बोटभर लाल माती, वर दोन बोटं नदीची रेती. आता खरं सांगतो. झाडांना लोह लागतं आणि आमची माती म्हणजे लोहच. परक्या मुलखातून येणाऱ्या मातीच्या ज्या पिशव्या मी विकत होतो त्यांच्यावर हेच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. तरी मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, लाल माती अजिबात घालू नका. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. आणि लोकांनीही मानलं. जी माती रोज दारात पाय आपटून झटकायची ती काचेत घालायची, हे कुणाला पटणार?

झाडंही विकतची नाहीत. व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, लांब पानांची, शेताच्या बांधावरून बारीक तांबूस. ती बांधावरची मी निरखून बघितली. अगदी तसलीच मी प्लास्टिकच्या कपातून मागवून विकत होतो. मासे म्हणून आरोग्य केंद्रातून विहिरीत सोडायला मिळतात ते गप्पी.

तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला, बघायला या. गेलो. पाणी असं स्वच्छ की टाकी रिकामी वाटावी. तांबूस झाडांचे शेंडे डाळिंबी झालेले. मधल्या वाटेवर हिरवळ पसरलेली, आणि त्यातून गप्पी असे फिरत होते की जणू बाजाराचा दिवस आहे. माझ्या टाक्यांमध्ये तोपर्यंत कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडर लावूनसुद्धा असा रंग आलेला नव्हता. काहींच्या हाताला गुण असतो. मला तो नव्हता. मला फक्त माहिती होती, आणि ही गोष्ट बाईंच्या हॉलमध्ये उभं राहून पचवायला मला फार जड गेलं.

‘कशी वाटते?’ बाईंनी विचारलं.

‘उजेड जास्त होतोय,’ मी म्हटलं. ‘शेवाळ धरेल.’

बाईंनी वही उघडली आणि ते लिहून घेतलं.

पुढची आठ वर्षं हेच चाललं. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून मी मिठबावला जायचो. पोटदुखी असलेला माणूस दुखतं तिथेच दाबून बघतो, त्यातला प्रकार. गेलो की आधी खाली पाचर बघायची, ती अजून टिकली म्हणून खट्टू व्हायचं, मग वर बघून एक खोट काढायची. पानं फार दाट झाली. मागची बाजू रिकामी दिसते. हा दगड आडवा हवा. बाई सगळं तारीख टाकून लिहून घ्यायच्या आणि पुढच्या वेळेपर्यंत ते दुरुस्त झालेलं असायचं. म्हणजे माझ्याच कुरकुरीवर ती टाकी अधिक देखणी होत गेली. जळायचं मी आणि उजळायची ती.

घरी आलो की बायको, आमची मंगल, नुसत्या तोंडाकडे बघून ओळखायची. ‘मिठबावाक जावन इलात वाटता,’ म्हणायची. ‘भाकरी वाढू, की मत्सरानच पोट भरलां?’

मधल्या काळात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं संथ झालं. सुतारकाम संपलं. टाकीसमोर आरामखुर्ची टाकून ते दिवसभर मासे बघत बसायचे, पाय लांब करून, थेट घडवंचीच्या पायांपर्यंत. बाई म्हणायच्या, औषधापेक्षा ह्यांना टाकीचाच उतार पडतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. तारकर्लीच्या त्याच लॉजवाल्याने आता मोठं रिसॉर्ट केलं होतं आणि स्वागतकक्षात माझ्याकडून चार फुटी टाकी करून घेतली होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, ‘बरी झाली हा. पण ती मिठबावच्या बाईंची आसा बघ, तशी नाय दिसणा.’

दुसऱ्या दिवशी मी मिठबावला गेलो. का गेलो ते मलाच माहीत नाही. बाईंनी चहा टाकला. मी नेहमीप्रमाणे खाली वाकलो. अण्णांनी मला जागा व्हावी म्हणून पाय मागे घेतले, डाव्या हाताने उजवा पाय उचलून. मी मोबाईलचा उजेड पाडला. जमिनीतून मातीची एक रेघ निघून पाचरीवर चढली होती. वाळवी. नखाने टोचलं तर नख आत गेलं. फणसाच्या पायाला काही झालं नव्हतं, फणस ती सहसा खात नाही. पण पाचर आतून पोकळ झाली होती. वरचा पापुद्रा तेवढा उभा होता, आणि त्याच्यावर टाकीचा एक कोपरा.

‘खाली सगळं ठीक आहे ना हो?’ बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. ‘ह्यांना वाकता येत नाही आणि मला तिथलं नीट दिसत नाही.’

मी उभा राहिलो. समोर ती टाकी. डाळिंबी शेंडे आता पाण्याबाहेर येऊन फुललेसुद्धा होते.

‘बरं आहे,’ मी म्हटलं. ‘टाकी पण छान आहे.’

चहा प्यायलो आणि निघालो. स्कूटरवर मला काय वाटत होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला हलकं वाटत होतं. एकदा तडकू दे, एवढंच मनात होतं. कुणाला इजा व्हावी असं नव्हतं. अण्णांचे पाय माझ्या ध्यानात आले नव्हते असं म्हणायची सोय नाही, कारण ते माझ्याचसाठी मागे घेतलेले मी बघितले होते.

मग दिवस जायला लागले. फोन करून सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण सांगायचं तर तेव्हा का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार. जितका उशीर होत गेला तितकं ते तोंडातून निघणं कठीण झालं. मी स्वतःची समजूत घालायचो की वाळवीने खाल्लेलं लाकूड वर्ष वर्ष काढतं. फोन वाजला की मात्र आधी नंबर बघायचो, मिठबावचा नाही ना.

चतुर्थी आली. गौरीच्या दिवशी दुपारी आमच्या घरी वाडीतल्या बायका जमल्या आणि फुगड्या सुरू झाल्या. मी कोपऱ्यात बसलो होतो. बायकांनी फेर धरला, पाय आपटायला लागले आणि माझ्या बाजूच्या स्टुलावरचं फुलपात्र थरथरायला लागलं. पाण्यावर वर्तुळं उठत होती. मी त्या फुलपात्राकडे बघत राहिलो. बाईंकडचा गणपती त्याच हॉलमध्ये असतो, टाकीपासून चार पावलांवर. तिथेही आता फुगड्या चालू असणार.

मी उठलो. मंगल म्हणाली, ‘खंय जातास? पानां मांडलंय.’ मी स्कूटरची किल्ली घेतली. आचऱ्याच्या रस्त्याने स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. एवढंच आठवतं की वाटेत प्रत्येक घरातून फुगडीचा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होतो, पाय हळू आपटा गो बायांनो.

पोचलो तर फुगडी रंगात आली होती. सहा-सात जोड्या गरगर फिरत होत्या. टाकीतलं पाणी थरथरत होतं. अण्णा आपल्या खुर्चीत, मान डोलवत होते. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही. बायकांच्या मधून वाट काढत गेलो आणि भर हॉलमध्ये, गणपतीसमोर, गुडघे टेकून टाकीखाली हात घातला.

हाताला थंडगार लागलं. पाचर नव्हती. तिच्या जागी काळ्या दगडाची कपची होती, अगदी मापात बसवलेली.

फुगडी थांबली. बायका माझ्याकडे बघत होत्या. बाई पुढे आल्या.

‘ती बदलली,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही आला होतात ना, त्याच दिवशी संध्याकाळी. अर्धं पाणी बादल्यांत काढलं. शेजारच्या दोघांनी पहार घालून नखभर उचललं आणि ह्यांनी खुर्चीतून सांगितलं तसा दगड बसवला. वाळवीने पार पोखरली होती.’

‘कसं कळलं तुम्हाला?’

बाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांना बोलायला वेळ लागतो. सगळा हॉल थांबला.

‘तू... छान म्हणालंस,’ अण्णा म्हणाले. ‘आठ वर्सांत... कधी म्हणालंस? माका वाटला... कायतरी मोडला.’

बायकांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी वही आणली आणि पानं उलटून दाखवली. आठ वर्षांच्या माझ्या भेटी, तारखांसकट. उजेड जास्त. पानं दाट. मागे रिकामं. दगड आडवा करणे. शेवटच्या तारखेपुढे बाईंच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात फक्त दोन शब्द होते, ‘छान आहे.’

‘मला आधी आनंदच झाला हो,’ बाई म्हणाल्या. ‘म्हटलं, शेवटी पास केलं. पण हे म्हणाले, गुरुनाथ असा बोलणार नाही, खाली बघ.’ मग जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला दिसलं नसेल. तिथे अंधार असतो.’

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. मी ती घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं.

‘दिसलं होतं,’ मी म्हटलं.

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी गौरीच्या नैवेद्याचं घावन-घाटलं आणलं आणि ताटली माझ्या हातात ठेवली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला ते सोपं गेलं असतं. मी उभ्या उभ्या खाल्लं.

‘आता आला आहात तर सांगा,’ बाई म्हणाल्या. ‘टाकी कशी आहे?’

मी वर बघितलं. तीस वर्षांत मी बघितलेली ती सगळ्यांत सुंदर टाकी होती. तारकर्लीची माझी चार फुटी तिच्यापुढे काहीच नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते मनापासून सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण अण्णांनी पाय खुर्चीजवळ ओढून घेतले होते आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

‘उजवीकडचा दगड,’ मी म्हटलं, ‘जरा पुढे आलाय.’

बाईंनी वही उघडून लिहून घेतलं.

‘आता बरां,’ अण्णा म्हणाले. त्यांनी डावा पाय टाकीखाली लांब केला. मग डाव्या हाताने उजवा पाय उचलला आणि त्याच्या शेजारी ठेवला.